वारा अडवायला अलास्का लागत नाही

सांगलीच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'म्हणूनच मी हल्ली हवामान खात्याचे इशारे बघत नाही.' मामांचं घर कृष्णेच्या पूररेषेत आहे. नाहीतर या मेसेजला उत्तर देत बसलो नसतो.

मेसेज थोडक्यात असा: २०१० साली जुलै-ऑगस्टमध्ये रशिया होरपळला, पाकिस्तान बुडाला, लेहला ढगफुटी झाली. एकाच वेळी सगळं, म्हणजे योगायोग नाही. वारा आपोआप अडत नाही. अमेरिकेने अलास्कातल्या 'हार्प' या आकाशात रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्रणेने जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा, अडवली. सबब अंदाज-इशारे हे सगळं नाटक.

योगायोग नाही, हे निम्मं खरं, तेवढं मान्य. रशियावर उच्च दाबाचं क्षेत्र आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसलं होतं. २९ जुलैला मॉस्कोत पारा ३८.२ अंशांवर गेला. त्याच अडथळ्याच्या कडेने वरच्या थरातली थंड हवा दक्षिणेला उतरली आणि पाकिस्तानच्या उत्तर भागात मान्सूनच्या बाष्पाला भिडली. लेहची गोष्ट वेगळी. तिथे तिबेटच्या पठारावर तयार झालेले गडगडाटी ढग पश्चिमेला सरकत आले होते. मेसेजवाल्याने सगळं एकाच दावणीला बांधलंय.

'वारा आपोआप अडत नाही' हे मात्र धादांत चूक आहे, आणि अख्खा मेसेज त्यावरच उभा आहे. पश्चिमेकडून येणारा वारा अमेरिकेतल्या रॉकी पर्वतासारख्या किंवा हिमालय-तिबेटसारख्या उंचवट्यावर चढतो, तेव्हा हवेचा थर दबतो आणि प्रवाह विषुववृत्ताकडे वळतो. डोंगर उतरल्यावर थर पुन्हा ताणला जातो, प्रवाह उत्तरेकडे फिरतो. अशी हजारो किलोमीटर लांबीची नागमोडी लाट तयार होते. ही रॉसबी लहर. तिची स्वतःची ओढ पश्चिमेकडे, वारा तिला पूर्वेकडे नेतो. दोन्ही वेग जुळले की लाट डोंगरापाशी जागच्या जागी उभी राहते आणि फुगत जाते.

पुढचा भाग नीट वाचा. लाट फुगली की डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला दाब जास्त, मागच्या अंगाला कमी. म्हणजे डोंगर वाऱ्याला मागे ढकलतो. वेगात चाललेला वारा त्यामुळे मंदावतो, लाटेशी जुळणाऱ्या वेगाच्या आणखी जवळ येतो, लाट आणखी फुगते, अडथळा आणखी वाढतो. एवढ्याने प्रवाह एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत कोसळू शकतो. ज्यूल चार्नी आणि जॉन डिव्होर या हवामानशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे गणिताने दाखवलं: सूर्याची ऊर्जा तीच, डोंगर तेच, तरी वाऱ्याच्या दोन टिकाऊ अवस्था संभवतात. एकीत सरळ जोरकस वारा, दुसरीत मंद वारा आणि मोठी अडलेली लाट. त्यांचं प्रारूप फार साधं होतं. प्रत्यक्षात वादळं, समुद्राचं तापमान, कोरडी जमीन यांचाही हात असतो. पण वारा बाहेरच्या कुणाशिवाय अडू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. हार्पचं बांधकाम १९९३ ला सुरू झालं!

आता हार्प. त्याला पैसा अमेरिकी लष्कराचा होता, खरं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने ढगांत रसायनं फवारून पाऊस वाढवायचा प्रयत्न केला, तेही खरं. पण हार्पची रेडिओ लहरी सोडण्याची ताकद ३.६ मेगावॉट. आपल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे. शिवाय हार्पचं काम चालतं ८० किलोमीटरच्या वर, आणि ऊन-पाऊस घडतो खालच्या पंधरा-सोळा किलोमीटरांत. २०१५ पासून ते अलास्का विद्यापीठाच्या ताब्यात आहे.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा मुद्दा, इशारे नाटक असल्याचा. हवामानशास्त्रज्ञ पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाकिस्तानातल्या त्याच पावसाचे युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचे अंदाज तपासले. अतिवृष्टीची चिन्हं सहा ते आठ दिवस आधी त्यांत दिसत होती. त्या पुरात जवळपास २,००० माणसं गेली. मामा, आठ दिवसांत नदीकाठचं अख्खं गाव हलवता येतं. आधी ते इशारे बघायला सुरुवात करा, आणि तो मेसेज ग्रुपवरून काढून टाका.