‘एक वसईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वसईकर’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांना (की महोदयांना नव्हे, बाईंना? नावच नाही, तर कळणार कसं) नमस्कार.

मागच्या लेखात मी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायावर लिहिलं होतं. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला, ही शेवटच्या न्यायाची यादी; ‘माझ्या या लहान भावांसाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत’, असं येशू तिथे म्हणतो. त्यातल्या परक्याचं आज आपण काय केलंय, एवढाच माझा प्रश्न होता. त्यावर आपले चार मुद्दे आले. ‘माझे हे लहान भाऊ’ म्हणजे येशूचे शिष्य, जगभरचे निर्वासित नव्हेत, हा पहिला. वसईचं पाणी, रस्ते, लोकल बाहेरच्यांनी आधीच भरून गेल्या, हा दुसरा. पोर्तुगिजांनी इथे कुठली करुणा दाखवली, हा तिसरा. आणि चौथं वाक्य जसंच्या तसं: “आधी स्वतःच्या घरात किती परके ठेवलेत ते सांगा, मग आम्हाला डोस पाजा.”

डोस! अहो, मी ब्लॉग लिहितो, दवाखाना चालवत नाही. कुणाचं नाक दाबून मी आजवर काही पाजलेलं नाही. पण हल्ली ही रीतच पडली आहे. बावखलं (आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी) बुजवू नका म्हटलं की तुम्ही किती खणलीत? दारूबद्दल बोललं की नाताळात तुमच्याकडे काय काय होतं ते आम्हाला माहीत आहे! या हिशेबाने बोलायचा अधिकार फक्त संतांना उरेल, आणि वसईच्या मातीतला असा एकच, संत गोन्सालो गार्सिया. तोही जपानमध्ये परकाच होता आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. परक्याला कसं वागवू नये, हे त्याच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

पण विचारलंच आहे, तर ऐका.

आमच्या जुन्या घराची पडवी मला कधी रिकामी आठवत नाही. कधी बोटीवरचा आजारी पडलेला खलाशी, कधी बिहारचा सुतार, एकदा तर बाळंतीण बायको घेऊन आलेला एक गवंडी. बाबा भाडं घ्यायचे? सुतारासारख्या कमावत्याकडून घ्यायचे, ज्याला जमत नसे त्याच्याकडून नाही. आईची कुरकुर असायची, ती काही देवदूत नव्हती. बाळंतिणीला मेथीची पेज मात्र तिनेच करून घातली. आता आपण म्हणाल, ही भाडेकरूंची गोष्ट झाली, निर्वासितांची नव्हे. म्हणा.

मग निर्वासिताची ऐका. आमच्याच घरातला, माझा सख्खा मोठा भाऊ. वसईतली अनेक पोरं तेव्हा आखातात गेली, तसाच तोही कुवेतला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. नोकरी गेली, बँकेतला पैसा अडकला. गावच्या चार जणांबरोबर इराक ओलांडून तो जॉर्डनच्या सीमेवर पोचला आणि वाळवंटात तंबूत राहिला. हातात पासपोर्ट, पिशवीत एक शर्ट. त्याला पाणी आणि रोटी कोणी दिली असेल? तिथल्याच माणसांनी. ना त्यांच्या धर्माचा हा, ना त्यांच्या भाषेचा. जॉर्डन काही श्रीमंत देश नव्हता, आणि तेव्हा तर लाखो माणसं त्यांच्या अंगावर येऊन पडली होती. त्यांनी ‘आमचं पाणी’ म्हणून दार लावलं असतं, तर माझी वहिनी त्या वर्षीच विधवा झाली असती. पुढे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी 1 लाख 70 हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं, त्यात हाही आला. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) त्याच्यासाठी आभाराची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली. आपण वसईकर असाल तर आपल्या ओळखीतही असा एखादा असेलच. त्याच्या घरी जाऊन हेच वाक्य बोलून बघा.

घराचाच हिशेब हवा असेल तर आणखी एक. सप्टेंबर 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातल्या प्रत्येक धर्मग्रामाला सांगितलं, एकेक निर्वासित कुटुंब घ्या. व्हॅटिकनमधल्या दोन धर्मग्रामांपासून सुरुवात केली. पुढच्या एप्रिलमध्ये ते ग्रीसच्या लेस्बोस बेटावर गेले आणि परतताना 12 सीरियन माणसांना स्वतःच्या विमानातून घेऊन आले. तीन कुटुंबं, तिन्ही मुसलमान. तेव्हाही विचारणारे होतेच, ख्रिस्ती का नाही आणले? ‘आधी स्वतःच्या घरात’वाल्यांना घरात आणून दाखवलं, तरी त्यांचा पुढचा प्रश्न तयार असतो, तो असा.

आता बाकीचं.

‘लहान भाऊ’ म्हणजे शिष्य, असा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत. आपण तो वाचलात याचा आनंद आहे. पण माझा लेख त्या एका ओवीवर टांगलेला नव्हता. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा असं सरळ सांगितलंय, आणि कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) परके होता. त्याच करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 24 वा अध्याय म्हणतो, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. त्याच कायद्याच्या आधाराने मवाब देशाची, म्हणजे परकी, रूथ बेथलेहेमच्या शेतात सरवा (कापणीनंतर पडून राहिलेली कणसं) वेचते, आणि मत्तय पहिल्याच अध्यायात तिचं नाव येशूच्या वंशावळीत घालतो. दुसऱ्या अध्यायात तर हेरोद राजाच्या भीतीने योसेफ, मरिया आणि बाळ रातोरात मिसरला पळतात. नाताळात गोठ्याचा देखावा आपण सगळेच करतो. हा पुढचा प्रवास देखाव्यात कोणी मांडत नाही.

एक गोष्ट मान्य. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा 2241 वा परिच्छेद म्हणतो की सुस्थितीतल्या राष्ट्रांनी परक्यांना घ्यावं, पण ‘जमेल तेवढं’. आणि आलेल्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत. म्हणजे मर्यादा असते. हे आपल्या बाजूने जातं, घ्या.

पाण्याचं म्हणाल, तर वसई-विरारच्या नळांना सूर्या नदीवरच्या धरणांचं पाणी येतं. त्या धरणांचं पाणी मुळात डहाणू, विक्रमगड, पालघरच्या आदिवासी शेतांसाठी होतं. त्यामुळे ‘आमचं पाणी’ हा शब्द जरा जपून वापरू या. लोकलची गर्दी मलाही छळते, पण तो रेल्वेचा विषय आहे, शुभवर्तमानाचा नाही.

पोर्तुगीज वसईतून 1739 मध्ये गेले. त्यांच्या वतीने मी उत्तर देणार नाही, तसं कुणी मला नेमलेलंही नाही.

आणि एक विनंती. मे 2020 मध्ये कोकणातल्या काही गावांनी आपल्याच चाकरमान्यांना वेशीवर अडवलं होतं, तेव्हा आपण फेसबुकवर काय लिहीत होता ते एकदा वर जाऊन वाचा. मी वाचलंय, नाव झाकलं तरी लिहायची ढब तीच राहते. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तर छापेन, शेवटचं वाक्य असंच असलं तरीही. निनावी आली तर काढून टाकेन.