१० − ३ + २ चे उत्तर ९ च आहे

गणितातील क्रियांच्या क्रमाविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी पोहोचला आहे. ८ ÷ २(२ + २) या कोड्याचे उत्तर फक्त १, आणि १६ म्हणणाऱ्यांना शाळेतले गणितही येत नाही; ‘कंचेभागुबेव’मधील अक्षरे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने क्रिया करायच्या, म्हणून १० − ३ + २ = ५; शंका असल्यास कॅल्क्युलेटरवर पाहा; आणि हा नियम मुळात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिला, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. एरवी असे संदेश वाचून सोडून देता येतात. परंतु सहावीतल्या माझ्या भाचीने वहीत बरोबर लिहिलेला ९ तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा संदेश दाखवून खोडायला लावला आणि शेजारी ५ लिहून घेतला. आता गप्प बसणे योग्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा अक्षरांच्या क्रमाचा आहे. कंस, चे (‘१२ चे अर्धे’ यातला ‘चे’, म्हणजे एक प्रकारचा गुणाकारच), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांची आद्याक्षरे जोडून हे सूत्र केले आहे, ते केवळ लक्षात राहावे म्हणून. त्यात अक्षरे सहा असली तरी पायऱ्या चारच आहेत: आधी कंस, मग ‘चे’, त्यानंतर भागाकार व गुणाकार एकाच पातळीवर, आणि शेवटी बेरीज व वजाबाकी एकाच पातळीवर. एका पातळीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे, जशा येतील तशा करायच्या असतात. १० − ३ + २ मध्ये वजाचे चिन्ह फक्त ३ ला लागू आहे. आधी ३ + २ करणारा माणूस प्रश्नात नसलेला कंस मनाने घालतो आणि १० − (३ + २) हा वेगळाच प्रश्न सोडवतो. खात्यात १,००० रुपये असताना ३०० काढले आणि मग २०० भरले, तर पासबुकात ९०० शिल्लक दिसते. संदेशाच्या रीतीने ती ५०० निघते. हा हिशेब कोण मान्य करील?

अक्षरांचा क्रम हाच नियम असता, तर आणखी एक अनर्थ झाला असता. अमेरिकेतील मुले जे सूत्र पाठ करतात, त्यात गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी येते. मग १२ ÷ ३ × २ चे उत्तर आपल्याकडे ८ आणि तिकडे २ आले असते. तसे होत नाही. दोन्हीकडे ८ च बरोबर धरतात.

भागाकार आधी केल्याने मात्र उत्तर बिघडत नाही, एवढे मान्य करावे लागते. १२ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला काय किंवा नंतर केला काय, २४ च येतात. खरी अडचण इथेच आहे, कारण ‘भागु’ अक्षरशः पाळणाऱ्या मुलाची चुकीची समजूत उघडकीस येत नाही, आणि तीच सवय ‘बेव’ला लागली की वजाबाकीपुढे बेरीज असलेल्या पदावल्या चुकू लागतात. शिष्यवृत्ती परीक्षेसारख्या बहुपर्यायी परीक्षेत रीत कोणी पाहत नाही, तिथे गुण सरळ जातो.

आता मूळ कोडे. १ हे उत्तर निराधार नाही. ‘फक्त १’ हा दावा निराधार आहे. कंसाला चिकटलेला २ म्हणजे ‘चे’सारखाच घट्ट बांधलेला गुणाकार, असे मानणारे १ वर पोहोचतात, आणि तो साधा गुणाकार मानून डावीकडून जाणारे १६ वर. गणितातील चिन्हांचा इतिहास लिहिणारे फ्लोरियन काजोरी यांनी १९२८ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, एका पदात ÷ आणि × दोन्ही आल्यास आधी कोणते करायचे यावर एकमत नाही. पुढे शालेय पुस्तकांत डावीकडून उजवीकडे हा संकेत रुळला, पण चिन्ह न लिहिता केलेल्या गुणाकाराचा वाद तसाच राहिला. ४८ ÷ २(९ + ३) वरून २०११ मध्ये आणि याच कोड्यावरून २०१९ मध्ये जगभर भांडणे झाली, ती त्यामुळेच. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८००००-२ तर भागाकारासाठी ÷ वापरूच नये असे सांगते. ज्याने कंस न घालता प्रश्न लिहिला, दोष त्याचा आहे. उत्तर देणाऱ्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कॅल्क्युलेटरचा पुरावा फार वेळ घेण्याजोगा नाही. विंडोजमधील कॅल्क्युलेटर साध्या प्रकारात २ + ३ × ४ चे २० दाखवतो आणि सायंटिफिक प्रकारात १४. यंत्र त्याला शिकवलेला संकेत पाळते, निवाडा देत नाही.

राहिला भास्कराचार्यांचा मुद्दा. ‘लीलावती’ ११५० सालची आहे. + आणि − ही चिन्हे छापील पुस्तकात आली १४८९ मध्ये, जर्मनीत. ÷ भागाकारासाठी आले १६५९ मध्ये, झुरिचमध्ये. या चिन्हांच्या अग्रक्रमाचा नियम बाराव्या शतकात असणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नव्हती, कारण ‘लीलावती’तील उदाहरणे श्लोकांत आहेत आणि क्रियांचा क्रम शब्दांतच सांगितलेला असतो. एका उदाहरणात संख्येला ३ ने गुणायचे, त्या गुणाकाराचा पाऊण भाग त्यात मिळवायचा, ७ ने भागायचे, भागाकाराचा तिसरा हिस्सा वजा करायचा, वर्ग करायचा, ५२ वजा करायचे, वर्गमूळ काढायचे, ८ मिळवायचे आणि १० ने भागायचे. उत्तर २ आले, तर मूळ संख्या कोणती, असे विचारले आहे. मागून पुढे येत ती २८ निघते, आणि एकाही पायरीवर संशय राहत नाही. आजचे कोडेही याच रीतीने ‘आठला दोनने भागून आलेल्या उत्तराला चारने गुणा’ असे विचारले असते तर १६, आणि ‘दोन व चार यांच्या गुणाकाराने आठला भागा’ असे विचारले असते तर १, हे उत्तर निर्विवाद आले असते.