आभाळ माझं, कुरडया गल्लीच्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाच्या भिंतीला काळा फळा. त्यावर काय लिहिलेलं असतं ते बेळगावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. उद्या पहाटे पाणी सुटणार, अमक्यांचं निधन, रक्षाविसर्जन सकाळी आठला, वर्गणी राहिलेल्यांनी पंच मंडळींना भेटावं. मी शाळेतून निवृत्त झालो आणि हा खडू आपोआप माझ्या हातात आला. गल्लीत माझ्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नाही, हे मीच नव्हे, माझ्यावर जळणारेही कबूल करतात.

फळ्याच्या वरच्या बाजूला सुविचारासाठी दोन ओळींची जागा सोडायची पद्धत आहे. समोरच्या कट्ट्यावर सकाळी सातला बसलेली मंडळी दुपारी जेवायलाच उठतात. त्यांच्यापुढे 'वेळ अमूल्य आहे' असं किती दिवस लिहिणार? म्हणून यंदा मी ठरवलं, पाडव्यापासून मृग लागेपर्यंत सुविचार बंद. रोज सकाळी गच्चीवर जायचं, आभाळ बघायचं आणि त्यावर दोन ओळी लिहायच्या. काव्यमय, पण थोडक्यात.

आभाळ बघण्यासाठी बेळगावच्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा नाही, हे माझं ठाम मत आहे. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, पश्चिमेला घाट, घाटाखाली गोवा. चैत्रातल्या पहाटे जांबोटीकडून ढगांचे पुंजके गुपचूप गावावर येऊन बसतात आणि ऊन तापलं की विरतात. एप्रिलात पारा ३६-३७ला टेकतो, तरी रात्री पायावर चादर लागतेच. आणि वळीव आला की एका दुपारीत आभाळाचे चार ऋतू होतात. एवढा ऐवज रोज डोक्यावरून फुकट जातो आणि गल्ली मान खाली घालून मोबाईल बघते, याचं मला वाईट वाटायचं. ते वाटणं बंद झालं. आता गल्ली वर बघते आणि मग माझ्या घराकडे बघते.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, 'पूर्वेला आज पांढऱ्या तंबूंची छावणी पडली आहे.' सात वाजून दहा मिनिटांनी पानपट्टीवाला धावत दारात.

"मास्तर, बंदोबस्त कशाला वो? एक नोव्हेंबर तर लांब हाय की अजून!"

सीमाभागात एक नोव्हेंबर म्हणजे काळा दिन आणि पोलिसांचा बंदोबस्त, तिथं छावणी म्हटल्यावर माणसाला ढग आठवत नाहीत. मी त्याला हाताला धरून रस्त्याच्या मधोमध नेलं, पूर्वेकडे बोट दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं. "मग ढग म्हणून लिवायचं की सरळ," म्हणाला आणि दुकान अर्धंच उघडलं. न जाणो!

पण खरा ताप पोलिसांचा नव्हता, कुरडयांचा होता.

या दिवसांत आमच्या भागात गच्च्या माणसांच्या नसतात. एकीवर सांडगे, दुसरीवर बटाट्याचा कीस, तिसरीवर चटणीसाठी आणलेल्या ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या. मिरच्यांवरून वारा आला की अख्खी गल्ली एकसाथ शिंकते. पापडाला एक दिवस ऊन कमी पडलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी भागतं. कुरडईचं तसं नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. त्या दिवशी ऊन कडक हवं, नाहीतर सगळं आंबतं. म्हणजे गहू भिजवणाऱ्या बाईला आजचं आभाळ नको असतं, पाचव्या दिवशीचं हवं असतं. ते सांगणारा माणूस तिनं शोधून काढला. मीच तो.

"मास्तर, मी गहू भिजत घातलोय," समोरच्या काकू खालूनच ओरडल्या. "शनिवारी आभाळ कसं हाय?"

"काकू, मी आजचं लिहितो. सकाळचं. जसं दिसतं तसं."

"ते दिसतंय की आम्हालापण. पुढचं सांगा."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम, कुणी काही विचारू नये असं लिहिलं, 'ढग आज येऊ की नको या विचारात आहेत.' त्या दिवशी चौघीजणी आल्या. येऊ की येऊ नको, यातलं नक्की काय ते ठरवून द्या म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींनीही त्यांचीच बाजू घेतली. "तुमचं ते विचारात-बिचारात ऱ्हाऊ दे. ऊन पडणार काय नाही, तेवढं लिवा. बायकांचा गहू वाया घालवून कविता कसली करायची ती?" तीस वर्षं मी पोरांना अलंकार शिकवले. घरात एकही लागला नाही.

मागच्या गल्लीतल्या कन्नड आजी मराठी वाचत नाहीत, पण फळ्याखाली उभ्या राहून माझा हात थांबेपर्यंत वाट बघतात आणि विचारतात, "मळी बरतैतेन्री, मास्तर्रा?" दोन ओळींच्या काव्यातून पाऊस येणार की नाही, एवढंच त्यांना गाळून हवं असतं. मी मान आडवी हलवली की त्या निश्चिंत जातात. येळ्ळूर शिवारात शेत असलेले आमचे एक अण्णा मात्र मान उभी हलायची वाट बघतात. त्यांना भाताच्या धूळवाफ, म्हणजे पावसाळ्याआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीआधी नांगरट व्हायला एक दांडगा वळीव हवा. रोहिणी कधी लागणार, मृगाचं वाहन काय, हे ते मला विचारतात आणि मी सांगायच्या आत स्वतःच सांगतात. शिवजयंती आमच्याकडे तिथीप्रमाणे, वैशाख शुद्ध द्वितीयेला आणि तिच्या पाठोपाठ तृतीयेला बसव जयंती. त्या आठवड्यात दोन्हीकडचे मांडववाले आणि चित्ररथ सजवणारी पोरं वेगवेगळ्या वेळी येऊन माझ्याकडे एकाच आभाळाची चौकशी करून गेली. दोघांनाही मी कोरडं सांगितलं. दोघांनीही ताडपत्री घेतली.

मग आली मेची सुरुवात. मला वाटलं, आता असं काही लिहू या की ज्यात पावसाचा संबंध नाही, कुरडईचा नाही, सगळं शुद्ध खगोल. लिहिलं, 'उद्या दुपारी तुमची सावली तुम्हाला सोडून जाईल.'

अर्ध्या तासात माझ्या दारात चपलांचा ढीग. सावली दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, हे कोणी कोणाला सांगितलं कळलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पंचांपैकी एकानं तर लिंबू-मिरची फळ्यालाच बांधली. मी अंगणात सगळ्यांना बसवून समजावलं. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा भर माथ्यावर येतो. बेळगाव सोळा अंश अक्षांशाच्या किंचित खाली, म्हणून आपल्याकडे ३-४ मेला आणि पुन्हा ऑगस्टात. निपाणीला एक-दोन दिवस उशिरा, पुण्याला मेच्या मध्यावर. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर, तिथं सावली कधीच नाहीशी होत नाही.

"तरीच," कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून तिथं सावलीत पडलाय."

दुसऱ्या दिवशी बाराला गच्ची भरली. मी कठड्यावर स्टीलचा उभा पेला ठेवला. सावली आधी बोटभर होती, मग नखाएवढी, साडेबाराच्या सुमारास ती पेल्याच्या बुडाशी गेली आणि कठड्यावर एकही काळी रेघ उरली नाही. पोरं पेला उचलून खाली शोधू लागली. मोठ्यांनी मात्र स्वतःच्या पायांकडे बघायचं टाळलं. समोरच्या काकूंच्या सासूबाई तर छत्री उघडूनच आल्या होत्या. "ही बघा माझी सावली, चांगली गोल हाय," म्हणाल्या आणि सूर्य कलेपर्यंत त्या वर्तुळाच्या बाहेर त्यांनी पाय टाकला नाही. निपाणीच्या व्याह्यांनाही त्यांनी लगेच फोन करून छत्री काढून ठेवायला सांगितली.

यानंतर चार दिवस माझा भाव वधारला. मास्तर सांगतात तसं होतं! आणि तेवढ्यात तो गुरुवार उजाडला. सकाळी सातला मी लिहिलं, 'आज आभाळ इतकं निरभ्र की उडणारी घारसुद्धा एकटी पडली आहे.' शब्द न् शब्द खरा होता. घारही होती. गल्लीनं एवढंच वाचलं: निरभ्र. दहापर्यंत झाडून सगळ्या गच्च्या पांढऱ्या.

वळिवाला सकाळच्या आभाळाशी काही देणंघेणं नसतं. समुद्राकडचा ओला वारा घाट चढून येतो, पूर्वेकडची हवा कोरडी आणि तापलेली, या दोघांची गाठ दुपारी नेमकी आमच्या डोक्यावर पडते. तीनला येळ्ळूरगडाच्या अंगाला एक ढग पातेल्यातल्या चिकासारखा फुगून वर यायला लागला. साडेतीनला वावटळ सुटली, कुणाच्या तरी शेडचा पत्रा उडाला, करंट गेला. पुढच्या पाच मिनिटांत गच्च्यांवर बायकांची जी धावपळ झाली तिचं वर्णन मी करणार नाही, कारण तेव्हा प्रत्येकीच्या तोंडी माझंच नाव होतं. मग टपोरे थेंब, मग गारा. प्लास्टिकवरच्या कुरडया पुन्हा चीक झाल्या.

संध्याकाळी पंचांची बैठक बसली, माझ्याच पडवीत. मध्यभागी पुरावा म्हणून एक पातेलं. सकाळचं आभाळ निरभ्रच होतं, या माझ्या म्हणण्यावर मी शेवटपर्यंत ठाम राहिलो. कुणी म्हणालं, पुन्हा सुविचार सुरू करा. त्यावर कट्ट्यानं कडाडून विरोध केला. येळ्ळूरचे अण्णा भिजलेल्या धोतरानंच आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "वाफसा झाला की नांगर घालतोय. मास्तर, उद्यापण निरभ्रच लिवा!" काकूंनी पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

रात्री नऊला ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोन ओळी लिहिल्या आणि खाली, पंचांनी सांगितल्याप्रमाणे, बारीक अक्षरात: 'सदर आभाळ सकाळी ७ वाजता पाहिलेले आहे. त्यानंतरच्या आभाळास पंच मंडळ जबाबदार नाही.'

खडू खिशात ठेवतोय तोवर पाठीमागून काकूंचा आवाज आला. नवा गहू निवडता निवडता त्या ओटीवरूनच वाचत होत्या.

"मास्तर, हे त्यानंतरचं आभाळ किती वाजता लिवणार?"