तुकोबांची भूक आणि आपली प्रतिक्रिया

आषाढीच्या आदल्या आठवड्यात मी योगक्षेमावर एक लेख लिहिला होता. अन्नवस्त्राची चिंता माणसाने पांडुरंगावर सोपवावी आणि स्वतः आपल्या कामाला लागावे, तो कोणालाही उपाशी ठेवत नाही, असा त्याचा आशय होता. त्या लेखाखाली ‘उघडे डोळे’ या टोपणनावाने एका वाचकांनी जी प्रतिक्रिया लिहिली आहे, तिला चार ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे, असे आधी वाटले होते. परंतु दोन दिवसांत मी ती सहा-सात वेळा वाचली आणि प्रत्येक वाचनागणिक उत्तर लांबत गेले.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सारांश देतो. हे गृहस्थ शिक्षक आहेत आणि नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागल्यामुळे त्यांना जुनी पेन्शन लागू नाही. घराच्या कर्जाचा हप्ता आणि आईच्या डायलिसिसचा खर्च ते एका पगारात भागवतात. त्यांचे म्हणणे असे की ‘पेन्शनीच्या उबेत बसून दुसऱ्याला निश्चिंत राहा म्हणून सांगणे सोपे असते’. अशा उपदेशाने गरीब गरीबच राहतो आणि सावकाराचे फावते. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेतले वचन एलआयसीच्या बोधचिन्हावरही आहे, पण एलआयसी निदान हप्ते घेऊन पैसे तरी परत देते. मी कबीरांच्या नावावर ‘खपवलेला’ दोहा कबीरांचा नाहीच. आणि सर्वांत शेवटी, ‘तुकोबांची बायको अन्न अन्न करीत मेली, तेव्हा तुमचा विठोबा काय करत होता?’

माझी चूक आधी मान्य करतो. ‘अजगर करै न चाकरी, पंछी करै न काम’ हा दोहा कबीरांचा नसून मलूकदासांचा आहे. दोह्याच्या दुसऱ्या ओळीत ‘दास मलूका’ असे नाव स्वच्छ आलेले असताना माझ्याकडून ही चूक व्हावी, याची मला लाज वाटते. मलूकदास 1574 साली प्रयागजवळच्या कडा या गावी जन्मले, म्हणजे ते तुकोबांचे समकालीनच होते, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आपण चूक दाखवलीत त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मात्र चूक होणे वेगळे आणि ‘खपवणे’ वेगळे. खपवतो तो व्यापारी. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांचे शुद्धलेखन तपासले आहे. शब्द चुकला की त्याखाली लाल रेघ ओढतो, मुलाला चोर म्हणत नाही. आपणही शिक्षक आहात, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

दुसरा शब्द ‘तुमचा विठोबा’. विठोबा तुमचा आणि आमचा असा कधीपासून झाला? आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या दिंड्यांत चालणाऱ्या माणसाला कोणी त्याचे कर्ज, पगार आणि पेन्शन विचारत नाही. ‘माउली’ म्हणून पायाला हात लावतात आणि पुढे जातात. ज्या सुरात आपण तो शब्द लिहिला आहे, त्या सुरात मी शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयीही लिहिणार नाही.

आता आपल्या त्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण बाकीच्या प्रतिक्रियेपेक्षा तेच मला जास्त लागले. आपण ते वाक्य असे लिहिले आहे की जणू वारकऱ्यांनी काही दडवून ठेवले होते आणि आपण ते खणून बाहेर काढले. अहो, ते तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे, आणि गेली साडेतीनशे वर्षे आम्ही ते टाळमृदंगावर म्हणतो आहोत. ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे शब्द ज्या अभंगात आहेत तो आपण पूर्ण वाचला आहे का, अशी मला शंका आहे. त्याच्या पुढचे चरण पाहा. ‘लज्जा वाटे जीवा त्रासलो या दुःखें’ असे ते म्हणतात, धंद्यात तूट आल्याचे सांगतात, आणि लगेच म्हणतात की देवाचे देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. 1630 च्या दुष्काळाने घरचे माणूस गेले, दुकान बुडाले, महाजनकीचा मान गेला, आणि हा माणूस काय करायला उठतो, तर पडक्या देवळाच्या भिंती उभ्या करायला. ‘तेव्हा विठोबा काय करत होता’ हे आपण विचारता. तेव्हा तुकोबा काय करत होते, हे त्या अभंगात लिहिले आहे. ते आपण विचारत नाही.

पुढची हकीकत परंपरेने सांगितलेली आहे. घरात सावकारी होती, लोकांकडे येणे होते, त्याची खते (कर्जरोखे) होती. तुकोबांनी त्यांतली निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. हे श्रीमंतीत केलेले दान नव्हे. दुष्काळाने नागवलेल्या, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्या माणसाने आपले हक्काचे येणे पाण्यात टाकले. ‘सावकाराचे फावते’ असे आपण लिहिता, आणि इथे भरवशाने केले काय, तर एका सावकाराला सावकारीतून उठवले. बरे, हेच तुकोबा ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे’ असेही सांगतात. म्हणजे कमावू नका असे ते कोणाला सांगत नाहीत. भाकरी मिळत होती म्हणून त्यांनी देवावर भरवसा ठेवला, असे नाही. भाकरी मिळाली नाही, त्यानंतरचा तो भरवसा आहे. मूळ लेखातले ‘तो कोणालाही उपाशी ठेवत नाही’ हे माझे वाक्य भावनेच्या भरात थोडे सैल लिहिले गेले असे फार तर म्हणता येईल, परंतु त्याने मुद्द्याला बाध येत नाही.

मी मंगळवेढ्याकडचा आहे. आमच्याकडे मूल बोलायला लागले की त्याला दामाजीपंतांची गोष्ट सांगतात. दुष्काळ पडला तेव्हा पंतांनी बादशहाची कोठारे लोकांना खुली करून दिली आणि त्या धान्याची किंमत विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन भरली. त्या गोष्टीतही आकाशातून ज्वारी पडत नाही, हे लक्षात घ्यावे. कोठाराचे दार माणसाने उघडले, देवाने नुसती रक्कम चुकती केली. देव चमत्कार करील म्हणून हात बांधून बसा, असे आमच्या मातीत कोणी शिकवलेले नाही, आणि मीही ते लिहिलेले नाही.

आपण मला ‘उबेत’ बसलेला म्हणता, म्हणून आता घरची गोष्ट सांगतो. ती जाहीरपणे सांगण्याची माझी इच्छा नव्हती. 1972 साली मी दहा वर्षांचा होतो. वडिलांची चार एकर जिरायत, तीही रब्बीची, आणि त्या साली हस्त कोरडा गेला तसा चित्राही कोरडा गेला. वडील आणि थोरला भाऊ पाझर तलावाच्या कामावर खडी आणि माती वाहायला जात. तिथे सुकडी (दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ) मिळे, ती आई पदराच्या गाठीत बांधून आणी. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला वास यायचा आणि ती थापतानाच चिरत जायची. आमच्या माजघराच्या कोपऱ्यात एक लहान कणगी होती. आदल्या सुगीची चार पायल्या मालदांडी राख आणि लिंबाचा पाला घालून आईने त्यात भरली होती आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकले होते. बियाणे होते ते. माझी धाकटी बहीण पाच वर्षांची. ती रात्री त्या कणगीला पाठ लावून बसायची आणि बोटाने लिंपण उकरायची. एकदा तिने विचारले, ‘आई, यात ज्वारी हाय ना?’ आईने तिचा हात धरून बाजूला केला आणि म्हणाली, ‘हाय. पर ती आपली न्हाई, रानाची हाय.’ उकरलेल्या जागी तिने लगेच ओले शेण लावले. पूर्ण वर्षभर ती कणगी तशीच राहिली. एकादशी आई तेव्हाही करायची, म्हणजे जी गोष्ट रोजच घडत होती तिला त्या दिवशी नाव मिळायचे. 1973 ला पाऊस आला आणि हस्तात वडिलांनी पेरणीचे चाडे हातात धरले, तेव्हा आईने कणगीचे तोंड फोडले. त्या दिवशी वडिलांनी पहिली मूठ सोडताना जे नाव घेतले, ते कोणत्याही कार्यालयाचे नव्हते.

तुम्ही म्हणाल, सुकडी सरकारने दिली. दिलीच. काम सरकारने काढले, रोजगार हमीचा कायदाही पुढे 1977 साली झाला, आणि त्याचे श्रेय वि. स. पागे यांच्यासारख्या माणसांना मी वर्गात दरवर्षी देत आलो. तुम्ही असेही म्हणाल की बियाणे राखून ठेवणे हीच तर उद्याची चिंता झाली. ती चिंता नव्हती, तयारी होती. ज्याने भुकेल्या लेकराच्या हाताशी भरलेली कणगी वर्षभर बंद ठेवलेली पाहिली आहे, त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्याने पाहिली नाही त्याला तो मोबाइलवर प्रतिक्रिया टंकताना समजणार नाही. (इथे रागाच्या भरात ‘आपण’चे ‘तुम्ही’ झाले आहे. तसेच राहू देतो.)

नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षे मी एका खासगी संस्थेच्या शाळेत पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही करून निम्मा पगार हातात घेतला आहे. त्यानंतर जिल्हा परिषदेत लागलो. तेव्हा ‘उबे’विषयी मला कोणी शिकवू नये. माझी पेन्शन मला कोणी देव्हाऱ्यात ठेवून दिलेली नाही, ती मी खडू झिजवून मिळवलेली आहे.

राहता राहिले आपले इतर मुद्दे. एलआयसीचा विनोद बरा आहे. माझ्या मुलालाही तो आवडला. फक्त त्या श्लोकात ‘योग’ म्हणजे नसलेले मिळणे आणि ‘क्षेम’ म्हणजे मिळालेले टिकणे, असा अर्थ शंकराचार्यांनी केलेला आहे, आणि ते ओझे वाहण्याचे वचन ‘अनन्य’ भावाने उपासना करणाऱ्यांसाठी आहे, हे त्या विनोदात निसटले. विमा मीही उतरवलेला आहे, त्यात देवाचा अपमान होतो असे मला वाटत नाही. जुनी पेन्शन योजना आणि 2005 ची तारीख हा त्या लेखाचा विषय नव्हता. मार्च 2023 च्या संपाच्या वेळी मी निवृत्त असूनही मोर्चात दोन तास उन्हात उभा होतो, यापलीकडे त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. आपल्या कर्जाबद्दल आणि मातोश्रींच्या आजाराबद्दल मला सहानुभूती आहे. ती मी लेखात व्यक्त केली नव्हती, कारण लेख लिहिताना मला आपण माहीत नव्हता. प्रत्येक वाचकाच्या घरचा जमाखर्च समोर ठेवून कोणालाच काही लिहिता येणार नाही.

काही स्नेह्यांनी ही प्रतिक्रिया काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. मी ती काढलेली नाही आणि काढणारही नाही. मलूकदासांचे नाव लेखात योग्य जागी घातले आहे आणि कबीरांचे खोडले आहे. आपल्याला पुन्हा लिहायचे असेल तर जरूर लिहावे, परंतु खऱ्या नावाने लिहावे आणि त्याआधी तो अभंग ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा.