टोकन काढलं म्हणून चित्र सुरक्षित होत नाही

नागपूरच्या चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: 'चित्र ब्लॉकचेनवर टाका. मग ते कुणी चोरू शकत नाही, ते कायमचं टिकतं, प्रत्येक पुनर्विक्रीत आपोआप रॉयल्टी मिळते, आणि मुंबई-दिल्लीच्या गॅलरीची गरजच उरत नाही.' खाली कार्यशाळेची फी. नुकतीच डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेली मुलं ती भरताहेत, म्हणून एकेका दाव्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी चोरीचं बघू. ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली डिजिटल नोंदवही आहे, आणि चित्राच्या नावाने त्यात केलेली नोंद म्हणजे टोकन (एनएफटी). त्यातली नोंद खोडता येत नाही, हे खरं. पण नोंद करणाऱ्यानेच ते चित्र काढलंय का, हे ती वही तपासत नाही. तुमच्या इन्स्टाग्रामवरून चित्र उचलून कुणीही त्याचं टोकन काढू शकतो, आणि मग ती खोटी नोंदही तितकीच पक्की होऊन बसते. जानेवारी 2022 मध्ये ओपनसी या टोकनांच्या मोठ्या ऑनलाइन बाजारानेच सांगितलं होतं की टोकन काढण्याच्या त्यांच्या मोफत सोयीतून निघालेल्या टोकनांपैकी 80 टक्क्यांहून जास्त चोरीची, बनावट किंवा स्पॅम होती. भारतात चित्र काढल्याबरोबर कॉपीराइट तुमचाच होतो, त्याला टोकन लागत नाही. वाद झालाच तर कच्ची स्केचेस, काम चालू असतानाचे फोटो आणि मूळ फाइल उपयोगी पडतात. ती जपून ठेवा.

'कायमचं टिकतं' म्हणणाऱ्यांनी एखादं टोकन उघडून बघावं. बहुतेकांत चित्र नसतंच. एक क्रमांक असतो आणि एक लिंक. त्या लिंकवर चार ओळींची फाइल: नाव, वर्णन, आणि चित्र जिथे ठेवलंय तिथली आणखी एक लिंक. सर्व्हर बंद पडला की टोकन जागच्या जागी आणि चित्र गायब. एफटीएक्स हा क्रिप्टो-चलनाचा बाजार 2022 मध्ये बुडाल्यावर तिथल्या टोकनांचं हेच झालं. कोड लिहून चित्रं घडवणारे टायलर हॉब्स यांच्या 'फिडेंझा' या मालिकेची गोष्ट वेगळी: 2021 च्या त्या 999 चित्रांचा कोडच ब्लॉकचेनवर आहे. कोडमधून चित्र घडवणाऱ्यांसाठी हे माध्यम खरंच नवं आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. कॅनव्हासवर ॲक्रिलिक करणाऱ्याला मात्र त्यातून काहीही मिळत नाही.

सगळ्यात जास्त भुरळ रॉयल्टीची पडते. टोकन एका वॉलेटमधून (टोकन ठेवायच्या डिजिटल खात्यातून) दुसऱ्यात जाताना किंमत किती ठरली, हे टोकनला कळत नाही. रॉयल्टी कापून घेतो तो बाजार, आणि बाजाराने ठरवलं तर तो कापत नाही. ब्लरसारख्या बाजारांशी स्पर्धा वाढल्यावर ओपनसीने ऑगस्ट 2023 अखेरपासून नव्या संग्रहांसाठी ती ऐच्छिक केली. याउलट आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे: मूळ चित्र 10,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. पुनर्विक्री झाल्याचं कळणं हीच अडचण, आणि तिथे ब्लॉकचेनचा उपयोग होऊ शकेल, हे मान्य. पण त्यासाठी आधी विक्रीचा कागद लागतो. आपल्याकडे कितीतरी चित्रं बिलाशिवाय जातात. बिलावर शीर्षक, माध्यम, माप, साल, सही, कॅनव्हासच्या मागच्या बाजूचा फोटो आणि 'कॉपीराइट चित्रकाराकडेच' ही ओळ एवढं तरी हवंच.

कराचा उल्लेख तर मेसेजमध्ये नाहीच. 2022 पासून अशा टोकनांच्या व्यवहारातल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

राहिली गॅलरी. डिजिटल चित्रकार बीपल यांच्या टोकन काढलेल्या चित्राला मार्च 2021 मध्ये 6.93 कोटी डॉलर मिळाले, हे उदाहरण सगळे देतात. ते विकलं कुणी? 1766 पासून चालणाऱ्या क्रिस्टीज या लिलावगृहाने. बीपल 2007 पासून रोज एक चित्र लोकांसमोर टाकत होते, म्हणजे त्यांचा चाहतावर्ग टोकनाच्या कितीतरी आधीचा. नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात चित्र विकलं जातं ते माणूस समोर उभा राहून बोलतो म्हणून. ती ओळख टोकन करून देत नाही.

ज्यांनी अजून फी भरलेली नाही, त्यांनी आयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात. टोकनचा करार (म्हणजे ज्यातून टोकन निघतं तो ब्लॉकचेनवरचा कोड) कुणाच्या वॉलेटवरून निघणार, चित्रकाराच्या की त्यांच्या? आणि शिकवणाऱ्याने स्वतःची किती चित्रं अनोळखी ग्राहकाला टोकन काढून विकली आहेत?