सायकल कुणी चोरली ते आधी शोधून द्या

काल संध्याकाळी पुतणीनं घटक चाचणीचा पेपर हातात दिला, तेव्हापासून डोकं भणभणतंय. नववीचं लेकरू. वाक्य होतं, ‘समवन स्टोल माय सायकल’, व्हॉइस बदला. तिनं लिहिलं, ‘माय सायकल वॉज स्टोलन.’ त्यावर लाल फुली. फुलीपासून बाण काढून लाल शाईतच ‘बाय समवन’. एक मार्क गेला.

अहो, कोण हा समवन? चोर ठाऊक असता तर नावच नसतं का लिहिलं? कुणी केलं ते माहीत नाही, किंवा सांगायची गरज नाही, तिथं कर्ता गाळायचा. पॅसिव्ह व्हॉइस असतो तो बहुतेक वेळा यासाठीच. आणि हे ज्या लेकराला बरोबर कळलं, त्याचाच मार्क कापला! आपण काय म्हणतो? ‘सायकल चोरीला गेली.’ ‘माझी सायकल कुणाकडून तरी चोरली गेली’ असं पोलीस ठाण्यात जाऊन सांगणारा माणूस अख्ख्या लातुरात दाखवा मला.

पोरगी म्हणली, “काका, सर म्हणले गाईडात तसंच आहे.”

गाईड! या गाईडांनी आमचंही वाटोळं केलं. कर्म पुढं आणा, कर्ता मागं ढकला, मधी टू बीचं रूप, क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी बाय. पाढ्यासारखं ओरडून घ्यायचे. कशासाठी, ते दहावी झाली तरी कुणी सांगितलं नाही. ‘ही नोज मी’चं फळ्यावर ‘बाय हिम’ केलं, आणि पुस्तकात ‘नोन टू हिम’ आहे म्हणून दाखवलं तर मलाच बाकावर उभं केलं. एकदा तर चाचणीत ‘शी गोज टू स्कूल’ दिलं होतं. त्यात कर्मच नाही, तर पॅसिव्ह करायचं कशाचं? अख्ख्या वर्गानं ‘स्कूल इज गॉन बाय हर’ लिहिलं आणि सगळ्यांना मार्क मिळाले.

त्याच वर्गात आधीच्या तासाला मराठीच्या बाई सकर्मक-अकर्मक शिकवून गेलेल्या असतात. ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’, क्रियापद कर्माच्या मागं चालतं, हा कर्मणी प्रयोग. लेकरं तो बोलायला लागल्यापासून बोलतात. इंग्रजीत हे कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाकडंच नाहीत.

2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. घागरी घेऊन रांगेत उभे होतो आम्ही. ‘वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन.’ कुणी आणलं ते वाक्यात नाही, कारण आम्हाला पाण्याशी मतलब होता. आणि ‘बाय’ आहे म्हणून ट्रेन काही कर्ता होत नाही, ते साधन. हे एक वाक्य फळ्यावर लिहा, लातूरच्या लेकराला पॅसिव्ह जन्मात विसरायचा नाही. पण गाईडात अजून रामा साप मारतोय.

रात्री बघितलं तर पोरगी वही घेऊन बसलेली. चुकलेलं वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगितलेलं. ‘माय सायकल वॉज स्टोलन बाय समवन.’ एकाखाली एक, सुबक अक्षरात. सातव्या ओळीला मी वही ओढून घेतली.

“काका, द्या ना. उद्या सर तपासणार आहेत.”

वही परत दिली. उद्या तो पेपर घेऊन मीच शाळेत जाणार आहे.