वाकडा ॲक्सल

स्वतःच्या दारात, स्वतःचीच वस्तू, भंगारवाल्याला रोख ३० डॉलर मोजून परत घ्यायची वेळ ज्याच्यावर आली नाही त्याने मला संयम शिकवू नये. गोष्ट गेल्या गुरुवारची. नानांसमोर तो विषय काढायचा नाही असं घरात ठरलंय, म्हणून इथे काढतो.

आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. गॅरेज दोन गाड्यांचं, त्यातली एक जागा २०१४पासून १९३१च्या फोर्ड मॉडेल ए कूपेने अडवलीय. तिची मी हॉट रॉड करतोय. 'करतोय' याला व्याकरणात अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात ते उगाच नाही. दोन वर्षं काम जोरात चाललं. मग मुलीची शाळा, बेसमेंटमधलं पाणी, नोकरी, पुन्हा नोकरी. गाडीवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर ख्रिसमसच्या दिव्यांचे खोके, खोक्यांवर गणपतीचं मखर. या मे महिन्यात मी मखर उतरवलं, खोके उतरवले, ताडपत्री ओढली, आणि सीटच्या स्प्रिंगांमधून एक उंदीर माझ्याकडे असा बघायला लागला, की भाडेकरू तो नसून मी आहे.

हॉट रॉड म्हणजे काय हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं: जुगाड. फोर्डने १९३२ साली साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन घातलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मग जुनी, स्वस्तातली मॉडेल ए घ्यायची, मडगार्ड काढून फेकायचे, नव्या गाडीचं व्ही-एट आत कोंबायचं आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर नेऊन पळवायची. मॉडेल एचं मूळ इंजिन ४० हॉर्सपॉवरचं. माझ्याकडे १९४६ ते ४८च्या काळातलं फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं तेच जुनं व्ही-एट, आहे, १०० हॉर्सपॉवरचं. आणि माझी गाडी 'ट्रॅडिशनल', म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पोरांना जे मिळालं नसतं ते आपणही वापरायचं नाही. जुगाड, पण सोवळ्यातला.

हे सोवळं पाळणं सोपं नाही. कोपऱ्यावरच्या पार्टच्या दुकानात वॉटर पंप मागितला तर काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरकडे बघत विचारतो, "मॉडेल?" मी म्हणतो, "ए." तो म्हणतो, "हो, पण मॉडेल कुठलं?" पंप दोन लागतात म्हटल्यावर तो माझ्याकडे पहिल्यांदा मान वर करून बघतो. या इंजिनाला पंप दोनच असतात, थर्मोस्टॅटही दोन. तरी ते तापतंच, तो भाग वेगळा. शेवटी त्याने विचारलं, गाडीला एसी आहे का? गाडीला दारं आहेत, हेच मी मोठं समजतो.

असो. मुद्दा नाना.

नाना म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत आयुष्य गेलं, रिटायर झाले, आता सहा महिने आमच्याकडे. पहिल्या आठवड्यात ते घरातला प्रत्येक नळ घट्ट करून मोकळे झाले. दुसऱ्या आठवड्यात त्यांना गॅरेज सापडलं. मीही मनातून खूश होतो. निदान एक माणूस असा, ज्याला गॅस्केट म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. शिवाय पुणे ते नगर ही एसटीची पहिली गाडी सुटली १ जून १९४८ला, माझं इंजिनही त्याच सुमाराचं. वाटलं, दोघांचं जमेल.

नानांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. हात मागे बांधलेले, अंगात स्वेटर.

"चेसिस कुठलं?"

"१९३१."

"इंजिन?"

"१९४६ धरा."

"ब्रेक?"

"१९४०. मूळचे सळयांचे होते, फोर्डने हायड्रॉलिक १९३९ला आणले, म्हणून..."

"जावईबापू," नाना आवाज खाली आणत म्हणाले, "कागदपत्रं आहेत ना? आपल्याकडे चेसिस एका गाडीचं आणि इंजिन दुसऱ्या गाडीचं म्हणजे काय अर्थ होतो, माहितेय ना?"

मी चोर नाही हे पटवण्यात एक आठवडा गेला. त्यानंतर ते घडीची खुर्ची टाकून रोज बसू लागले. हातात चहा. दर दहा मिनिटांनी एक वाक्य, आणि सुरुवात ठरलेली: "एसटीत आम्ही..." एसटीत ते अख्खं लेलँडचं इंजिन उतरवून परत चढवत तेवढ्या वेळात मी एक स्टड काढतो, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. स्टड म्हणजे हेड, इंजिनावरचं झाकण, आवळून धरणारा आट्यांचा दांडा. फ्लॅटहेडच्या एका हेडला असे २४, दोन्ही मिळून ४८. त्यातले कितीतरी थेट पाण्याच्या पोकळीत उतरलेले. पाऊणशे वर्षांचा गंज. स्टडशी घाई करायची नसते, तो तुटला की ब्लॉकमध्ये राहिलेला तुकडा ड्रिलने कोरून काढावा लागतो. हे मीच त्यांना सांगत होतो आणि ते मान हलवत होते. लहान मुलाने चंद्राबद्दल काही सांगावं आणि आपण मान हलवावी, तशी.

आता ॲक्सल. मॉडेल एचा पुढचा ॲक्सल म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला, आय-सेक्शनचा एक अखंड दांडा. हॉट रॉडवाले त्याची टोकं लालभडक तापवून, ओढून वर वाकवतात. त्यामुळे चाकं आहेत तिथेच राहतात आणि गाडी पुढून चार इंच खाली बसते. ती झुकलेली चाल म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा प्राण आहे, आणि असा जुन्या पद्धतीने वाकवलेला ॲक्सल मी साडेतीनशे डॉलरला घेतला होता. नानांनी तो बघितला, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावली, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या स्वरात म्हणाले, "वाकलाय हो."

"मुद्दाम वाकवलाय, नाना."

"किती दिले?"

मी सांगितलं. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे सरळ करायचे पैसे घेतात."

गुरुवारी मी ॲक्सलला काळा रंग मारला आणि ड्राइव्हवेच्या कडेला लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर सुकायला ठेवला. कचऱ्याच्या डब्याशेजारी. ही माझी चूक, मान्य. पण उन्हाची तिरीप तिथेच होती. मग पंधरा मिनिटांच्या मीटिंगसाठी आत गेलो. माझं काम म्हणजे ब्रेकचं सॉफ्टवेअर. दिवसभर इतरांच्या गाड्या कशा थांबतील हे बघायचं. स्वतःची हलतच नाही, त्यामुळे तिच्या ब्रेकची तशी निकड नव्हती. मीटिंग तासभर चालली. एक जण म्यूट काढायला विसरला होता, बाकीचे त्याला ते ओरडून सांगत होते.

आमच्याकडे कचऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पिकअप घेऊन भंगारवाले फिरतात. पुढचं सगळं मला मुलीने सांगितलं. ती पायरीवर फोन घेऊन बसली होती, आणि तिच्या मते या उन्हाळ्यात घडलेली ही एकमेव चांगली गोष्ट.

पिकअप थांबला. पांढऱ्या दाढीचा एक धिप्पाड माणूस उतरला आणि ॲक्सलकडे बोट दाखवून त्याने विचारलं, टाकायचाय का? नानांचं इंग्रजी म्हणजे स्पेअर पार्टची यादी. पण समोरचाही लोखंडातलाच, त्यामुळे दुभाष्याची गरज कोणालाच वाटली नाही.

"ॲक्सल," नाना म्हणाले. "बेंड."

"दिसतंय," दाढीवाला म्हणाला.

"कंडम," नाना म्हणाले.

दाढीवाल्याने आधी नानांकडे बघितलं, मग माझ्या तेरा वर्षांच्या मुलीकडे, मग जमिनीकडे. "एक्स्क्यूज मी?"

नानांना वाटलं याला कमी ऐकू येतं. "कंडम! टोटल कंडम!" समोरच्या फुटपाथवर कुत्रा फिरवणारी बाई थांबली. कुत्राही थांबला. एसटीत ज्या गाडीचा निकाल लागला ती कंडम, हे त्या बिचाऱ्या कुत्र्याला कोण सांगणार? मुलीने सांगायला हवं होतं, पण ती पायरीवर आडवी झाली होती.

गैरसमज कसा मिटला कोण जाणे, पण मिटला, आणि दोघं व्यवहारावर आले. दाढीवाल्याने पाच बोटं दाखवली. नाना हसले आणि गॅरेजकडे दोन पावलं चालू लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हे करतात, गिऱ्हाईक मागून हाक मारतं. हाक आली. दहा. नानांनी खिशातून पाना काढला (माझा, नऊ-सोळांश, मी दोन दिवस शोधत होतो) आणि ॲक्सलवर ठण्णकन वाजवला. "लिसन. फोर्जिंग! नो कास्टिंग." म्हणजे बघा, आमच्याशी बोलताना तो कंडम, आणि विकताना त्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा. वीसवर सौदा पटला. आणि भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तसं नानांनी वर काय टाकलं? माझ्या स्टडच्या पिशव्या. ४१ स्टड, लांबी निरनिराळी, कुठला कोणत्या भोकातला ते प्रत्येक पिशवीवर मी मार्करने लिहिलेलं.

मी बाहेर आलो तेव्हा ॲक्सल पिकअपमध्ये एका वॉशिंग मशीनच्या आणि बाळाच्या पाळण्याच्या मधे पडला होता. ओल्या रंगावर पाचही बोटं उमटलेली. मी धावलो. "हा माझा आहे!" म्हणालो. दाढीवाला शांतपणे म्हणाला, "होता." मग नानांकडे बघून त्यांच्या सौद्याला साक्ष असल्यासारखी मान हलवली. नानांनीही हलवली! माझ्या दारात दोघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

तीस, तो म्हणाला. मी दिले. एका शब्दाची घासाघीस नाही, हात थरथरत होते. स्टडच्या पिशव्या त्याने फुकट परत केल्या, वर म्हणाला, "तुझे वडील चांगले आहेत रे."

पिकअप वळणावर जाईपर्यंत नाना थांबले. मग म्हणाले, "पंधरात दिला असता त्याने. भाव करायचा असतो."

ते वीस डॉलर नानांनी नातीला खाऊसाठी दिले. ते परत कसे मागणार? बायको म्हणाली, "कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवलासच कशाला?" आणि पुढे, "तीसमध्ये मिळतो तर साडेतीनशे कशाला दिलेस?" हिशोबात ही बापावर गेलीय. वर तिचं म्हणणं, मॉडेल ए काय एकच आहे का, फोर्डने ४८ लाखांवर काढल्या, तो कारखाना तर इथे डिअरबॉर्नला, अर्ध्या तासावर. जाऊन दुसरा आण. जणू हेन्री फोर्ड खिडकीत बसलाय.

खरं सांगू का, तीस डॉलरचं काही नाही. लागलं ते वेगळंच. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी तोच प्रश्न, "काय मग, तुझी गाडी?" आणि तेच हसणं. विचारणारे निम्मे गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, बॉनेट उघडायची कळ कुठे असते ते त्यांना मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. त्यांच्या बेसमेंटमध्ये ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात. त्या ट्रेडमिलला कोणी विचारत नाही, काय मग, कुठपर्यंत आलात? माणसाने हातांनी काही करायला घेतलं आणि ते वर्षात झालं नाही, की लोकांच्या लेखी ते भंगारच. भंगारवाल्याने किमान किंमत तरी केली. या लोकांनी तेवढंही केलं नाही. जाऊ दे, रक्तदाब आहे मला.

शुक्रवार आणि शनिवार मी नानांशी 'चहा घेणार का' एवढंच बोललो. रविवारी गॅरेजमध्ये गेलो तर ते आधीच खुर्चीवर. मी बेचाळिसाव्या स्टडशी झटत होतो. गंजाचं तेल ओतून झालं, ठोकून झालं.

"मेणबत्ती आहे का?" नाना म्हणाले.

"दिवे आहेत, नाना."

"मेणबत्ती."

घरात वाढदिवसाच्याच होत्या, त्यातली आठच्या आकड्याची निघाली. नानांनी गॅसच्या टॉर्चने स्टडचा बुडखा तापवला, मेणबत्तीचा आठ त्याला टेकवला, मेण वितळून आट्यांत उतरलं, हलकासा धूर, शाळेतल्या प्रयोगशाळेसारखा वास. मग पाना लावला, आधी किंचित घट्टच्या दिशेने, मग उलटा, पुन्हा घट्ट, पुन्हा उलटा. कर्रर्र आवाज आला आणि बेचाळिसावा स्टड आज्ञाधारक पोरासारखा फिरत बाहेर आला. अकरा वर्षांत मी हे कुठेही वाचलं नव्हतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मला सांगत होतात."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पाना त्यांच्या हातात दिला, पिशवी शोधली, तिच्यावर ४२ लिहिलं आणि खाली पडलेलं सॉकेट काढायला गाडीखाली शिरलो. वरून कर्रर्र आला. मग टक्. मग शांतता.

"नाना? त्रेचाळिसावा निघाला का?"

"निघाला."

मी वाट बघितली.

"अर्धा," नाना म्हणाले.